भोंग्याची लाल तार

डोळ्यांची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर जीभ झडो माझी!

एक बस ड्रायव्हर होता, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. वाटेत कावळा बसलेला दिसला तरी हा हॉर्न दाबणार. एका दुपारी एक म्हातारबाबा त्याच्या बससमोर धपकन पडले. भोंग्याने करकचून ब्रेक मारला, बस वीतभर अलीकडे थांबली. पण बाबा बेशुद्ध, आणि लोकांना दिसली ती फक्त बस.

"उडवलं! म्हाताऱ्याला उडवलं!"

खरं काय ते दाखवू शकणारा साक्षीदार एकच होता. काचेवरचा कॅमेरा जे बघेल ते सीटखालचा कॉम्प्युटरचा डबा जपायचा. ते चित्र गेलं की लायसन गेलं, वर तुरुंग.

"चावी बंद कर आधी!" पोलीस दारातून आत घुसला.

"साहेब, पाया पडतो, चावी नको!"

नको का? तर भोंग्याने आधीच घोळ घालून ठेवला होता. तो कॉम्प्युटर बसवला त्याच्या दाजींनी, गाड्यांचं वायरिंग करायचे ते. लाल तार थेट बॅटरीवरून, पिवळी चावीवरून. चावी बंद झाली की पिवळी थंड पडते, डब्याला कळतं, मालक निघाला. मग तो लालच्या जोरावर हातातली चित्रं नीट ठेवतो, आवराआवर करतो आणि मगच झोपतो. पण सकाळी बॅटरी उतरलेली मिळायला लागली, आणि भोंग्याला वाटलं, हा मेला रात्रभर पितोय. म्हणून या दीडशहाण्याने लाल बॅटरीवरून सोडवली आणि पिवळीलाच बांधली! आता चावी फिरली की डब्याचा जीव जागच्या जागी जाणार, हातातलं चित्र हातातच.

चावीवर गुडघा दाबून, खांद्यात फोन धरून तो रडकुंडीला आला.

"दाजी, मी लाल-पिवळी एकत्र बांधली हो..."

"गाढवा! कुणी सांगितलं होतं?"

"शिव्या नंतर द्या!"

"नंतर म्हणजे तुरुंगात भेटायला येऊन? ऐक. तुझ्या लाडक्या हॉर्नची तार थेट बॅटरीवरची आहे. ती तोड, लालला जोड. मगच पिवळी सोडव. उलटं केलंस तर बहिणीला तोंड तूच दाखव."

भोंग्याने हॉर्नची तार हिसडली, दातांनी सोलली. ओठ फाटला. पोलिसाने मागून कॉलर धरली, बाहेर कुणी काचेवर दगड मारला. त्याने लालला पीळ दिला, ठिणगी उडाली. मग डोळे मिटून त्याने पिवळी ओढून काढली. त्याच क्षणी पोलिसाने चावी फिरवली. इंजिन गप्प.

डब्यावरचा दिवा मात्र लुकलुकत होता.

"बॅटरीला हात लावू नका, माझ्या पोरांची शप्पथ आहे तुम्हाला!" भोंगा डब्याला पोटाशी धरून खालीच बसला. दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला, आणि विझला. तेवढ्यात बसचा हॉर्न असा जोरात वाजला की अख्खी गर्दी दचकून मागे सरली!

चौकीत चित्र लावलं. बाबांची चप्पल तुटली, ते तोंडावर आपटले, आणि मग कुठे बस आली. पोलिसाने दोनदा पाहिलं आणि भोंग्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. बाबाही शुद्धीवर आले, आल्या आल्या चप्पल मागितली.

असं बघू नका रे. बरं, हॉर्न वाजला नाही, तेवढं मी घातलं. तार तोडल्यावर वाजेल कसा? बाकी सगळं अगदी खरं!