कृपया मॅडम

केस कापायला आणि रंगवायला शिकवणाऱ्या त्या संस्थेत दोन शिक्षिका एकमेकींशी इतक्या आदराने वागत, की नव्या माणसाला धडकीच भरावी. एक कटिंगच्या मॅडम, दुसऱ्या कलरच्या. सरावाच्या सलूनमध्ये खिडकीकडच्या खुर्च्या कटिंगच्या, भिंतीकडच्या कलरच्या आणि मधे केस धुवायच्या बेसिनची रांग. ती रांग म्हणजे सरहद्दच होती.

"मॅडम, कृपया आपल्या बाजूचा ओला टॉवेल उचलून घ्याल का?"

"जरूर, मॅडम. आपल्याच मुलींनी टाकलेला दिसतोय, पण घेते हं उचलून."

दिवसभर हे असंच चाले. आवाज कधी चढायचा नाही, हसू कधी मावळायचं नाही. संस्थेचे संचालक पालकांना मोठ्या कौतुकाने सांगत, "उद्या मुलींनी गिऱ्हाइकाशी जसं वागायला हवं, तसंच आमच्या शिक्षिका आज त्यांच्यासमोर वागतात." कटिंगच्या मॅडमना मुली पाठीमागे 'कृपया मॅडम' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्या सुखावल्याही होत्या.

मुलींना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. या दोघी नणंद-भावजय होत्या.

कलरच्या मॅडम म्हणजे कटिंगच्या मॅडमच्या नवऱ्याची धाकटी बहीण. दोघींचं कधीच फारसं पटलं नव्हतं, पण निभत होतं. गेल्या वर्षी कटिंगच्या मॅडमच्या लेकीने कॉलेज सोडायचं म्हटलं आणि तेही संपलं. लेक तावातावाने बोलत होती, रडत होती. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं म्हणणं समजलं. आपण योग्य वेळी यावर बोलू."

"आई, मी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आहे का गं?" लेक म्हणाली. तिने बॅग भरली आणि सरळ आत्याचं घर गाठलं. आत्याने दार उघडलं आणि मग काही तिला परत पाठवलं नाही. बायको आणि बहिणीच्या मधे नवरा मूग गिळून बसला. नणंदेने आपली लेक फोडली, हे मॅडमच्या मनात जे बसलं ते बसलंच.

त्या दिवशी भिंतीकडच्या खुर्चीत पोस्टातून निवृत्त झालेल्या एक काकू बसल्या होत्या. वर्षानुवर्षं केसांना काळा रंग लावलेला. आता त्यांना तो काढून हलका तपकिरी हवा होता. त्यासाठी आधी ब्लीच लावावं लागतं. काम वर्गाच्या मॉनिटरकडे होतं. मुलगी हुशार, हात साफ, एप्रनला कधी डाग नाही. तिने ब्लीच लावलं, टायमर लावला आणि हात मागे बांधून अदबीने उभी राहिली. "मी आलेच," म्हणून कलरच्या मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या.

थोड्या वेळाने काकू चुळबुळ करू लागल्या.

"अगं, चुरचुरतंय."

"थोडं चुरचुरतं, काकू. कृपया धीर धरा."

"थोडं नाही गं. आग होतेय नुसती."

"आपलं म्हणणं समजलं," मॉनिटर हसून म्हणाली. "टायमर वाजला की लगेच बघू."

कटिंगच्या मॅडम पलीकडे एका मुलीचा कात्रीचा कोन दुरुस्त करत होत्या. त्यांनी मान वर केली. ते हसू, तो हळू आवाज, 'समजलं' म्हणताना किंचित वाकलेली मान, सगळं त्यांचंच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकू आलं आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या वाक्यात समोरच्याला गप्प करण्यापलीकडे काही नव्हतंच.

पाऊल उचलायला हवं होतं. त्यांनी नाही उचललं. भिंतीकडची बाजू आपली नव्हे. शिवाय मनाच्या तळाशी काहीतरी गुदगुल्या करत होतं: होऊ दे की. कळू दे सगळ्यांना, ही बाई आपला वर्ग वाऱ्यावर टाकून फोनवर बोलत बसते. फोनवर कदाचित माझ्याच लेकीशी बोलत असेल. त्यांनी कात्री पुन्हा धरली, पण लक्ष कोनावर नव्हतं.

मग काकू ओरडल्या. साधं ओरडणं नव्हतं ते. खुर्चीतून त्या अर्ध्या उठल्या, हात डोक्याकडे गेले आणि मॉनिटर "काकू, कृपया..." म्हणत त्यांचे हात धरू लागली.

"सोड तिला!" मॅडम बेसिन ओलांडून धावल्या. काकूंना जवळजवळ ओढतच बेसिनशी नेलं आणि गार पाण्याची धार सोडली. भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू लालबुंद झाली होती, कानामागे कातडी सुटत होती. काकू लहान मुलासारख्या हुंदके देत होत्या.

तेवढ्यात कलरच्या मॅडम आत आल्या. क्षणभर थबकल्या, मग नेहमीचं हसू चेहऱ्यावर चढवलं.

"मॅडम, माझ्या गिऱ्हाइकाला आपण हात लावलात? कृपया बाजूला..."

"जळालंय डोकं तिचं! कुठे उलथली होतीस?"

सलूनमधले सगळे हात थांबले. कृपया मॅडमच्या तोंडून 'उलथली' हा शब्द निघेल, असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

"ओरडू नका, वहिनी," नणंद म्हणाली, आणि 'वहिनी' ऐकून मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "तुम्ही इथेच होतात ना? मग ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"आलं!"

"मग?"

भावजयीने काकूंची मान धारेखाली आणखी पुढे घेतली. पाण्याची धार चालू होती. नणंदेने दात-ओठ खात पाण्याखाली हात घातला, उरलेलं ब्लीच बोटांनी हलकेच सोडवू लागली. दोघींची कोपरं एकमेकींवर आपटत होती, तोंडं चालू होती. लेक फितवल्याचं निघालं, सासूच्या आजारपणात कोण कुठे होतं तेही निघालं. खाली बेसिनमध्ये मान टाकून काकू विव्हळत होत्या. शेवटी त्याच ओरडल्या, "अगं गप्प बसा गं दोघी! डॉक्टरकडे न्या मला!"

डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, की काही जागी केस परत येतीलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू डोक्याला रुमाल बांधून, तणतणत संचालकांच्या केबिनमध्ये आल्या. दोन्ही शिक्षिका आणि मॉनिटर समोर उभ्या. संचालकांनी विचारलं, चूक कुणाची?

"मी दोन मिनिटांसाठी बाहेर होते," कलरच्या मॅडम म्हणाल्या. "मुलीने मला बोलवायला हवं होतं."

मॉनिटरचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नियमाप्रमाणे बोलले, सर. आम्हाला असंच शिकवलंय."

"बरोबर आहे तिचं," कटिंगच्या मॅडम म्हणाल्या. "ते बोलणं माझं आहे. आणि मी बघत होते. या कळवळताना मला दिसत होत्या. हिची फजिती व्हावी म्हणून मी गेले नाही."

काकू खुर्चीतून उठल्या, मॅडमच्या अगदी पुढ्यात आल्या.

"तुमच्या दोघींच्या भांडणापायी माझं डोकं भाजलंत?"

"हो."

"लाज नाही वाटत सांगायला?"

"वाटते. फार वाटते."

काकूंनी हात उगारला, हवेत तसाच ठेवला आणि खाली घेतला. "माफ नाही करणार मी," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांनी खरोखरच कधी माफ केलं नाही. ड्रेसिंगची चौकशी करायला मॅडम घरी गेल्या, तर काकूंच्या सुनेने दारातूनच परत पाठवलं.

सरावाचं सलून काही दिवस बंद राहिलं. कटिंगच्या मॅडमना सलूनमधून काढून फक्त फळ्यावर शिकवायला ठेवलं. नणंद आपल्या जागी राहिली, कारण तिने काहीच कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडताना मॉनिटर मॅडमवर फणकारली, "तुम्ही गप्प बसला असतात तर निभावलं असतं, मॅडम. आता माझंही नाव खराब झालं." मॅडमनी तिला समजावलं नाही. रडून होईपर्यंत जिन्यात तिच्याजवळ उभ्या राहिल्या. मुलीने दोनदा "जा तुम्ही" म्हटलं, तरी गेल्या नाहीत.

आठवडाभराने नणंदेने त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"तुमच्या लेकीला सांगितलं मी. तुम्ही काय केलंत ते."

"सगळं सांगितलंस?"

"एकूण एक."

"बरं केलंस."

नणंद त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. घाव वर्मी लागल्याची काहीतरी खूण तिला तिथे हवी होती. लेक काय म्हणाली, हा प्रश्न भावजयीच्या अगदी ओठांवर आला होता. पण तेवढं समाधान हिला द्यायचं नाही, असं ठरवून त्या वर्गाकडे वळल्या. नणंदेने मागून सलूनचं दार इतक्या जोरात आपटलं, की वर्गातल्या सगळ्या मुली दचकून बाहेर डोकावल्या.