तीन खिळे

"हे खिळे तुमचेच ना, उस्ताद?" पोलीस अधिकाऱ्यानं हातातला लहानसा बूट उलटा केला आणि टाच मोच्याच्या नाकासमोर धरली.

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पायाचा बूट होता तो. टाचेत तीन बारीक पितळी खिळे, चुलीच्या तीन दगडांसारखे. मोच्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"माझेच. टाचेला तीन खिळे मारणारा दुसरा आहे कोण या शहरात? दोन मारले की टाच फिरते, चार मारले की फाटते. साहेब, गल्लीत मला तीनखिळे म्हणूनच ओळखतात."

"वा!" अधिकारी म्हणाला आणि त्यानं शेजारच्या हवालदाराकडे बघितलं. हवालदार हसला. त्या हसण्यानं मोच्याच्या ध्यानात आलं, की आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय.

सकाळी हाच हवालदार दुकानावर आला होता. "साहेबांना बूट दाखवायचेत," एवढंच बोलला. तीनखिळ्याला वाटलं, साहेबांचा तळ सुटला असेल. बिचारा आरी, रापी, दोरा, पॉलिशची डबी असं सगळं पिशवीत भरून, वर स्वच्छ फडकं घालून पोलीस चौकीत आला होता. ती पिशवी अजून त्याच्या मांडीवर होती. त्याला मागच्या खोलीत बसवलं होतं; समोर फरशीवर ताडपत्री अंथरलेली होती, आणि तिच्यावर दोन ढीग. एक लहान मुलांच्या बुटांचा. दुसरा मोठ्यांच्या चपला-बुटांचा, त्यात कुणाचा उजवा होता तर कुणाचा डावा, जोडी अशी क्वचितच. काल संध्याकाळी चौकात लाठ्या पडल्या, तेव्हा पळणाऱ्यांच्या पायांतून सुटलेलं ते सगळं.

"छोटे बूट कुणी आणले तुमच्याकडे?"

"गोणीतून आले, साहेब."

"गोणी काय चालत आली?"

"मी गिऱ्हाईकाचं तोंड बघत नाही, साहेब. पाय बघतो."

"मग पाय सांगा."

तीनखिळ्यानं मांडीवरच्या पिशवीवरचं फडकं नीट केलं. गोण्या त्याच्या मुलीनंच आणल्या होत्या. त्याची एकुलती एक मुलगी, घरातली ठकी. सरकारी दाखल्यावर तिचं वेगळं चांगलं नाव होतं, पण जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी टकमक बघत होती, म्हणून ठकी ती ठकीच राहिली. आता ती बालवाडीत शिकवत होती. महिन्याभरापूर्वी तिनं मुलांच्या आयांकडून, शेजाऱ्यांकडून लहान झालेले जुने बूट मागून आणले आणि त्याच्या पुढ्यात ओतले. "बाबा, गाझातल्या मुलांसाठी हवेत. जमेल तेवढे नीट करून द्याल?"

न जमायला काय झालं? तिकडे काय चाललंय ते तोही रोज टीव्हीवर बघत होता. बघवत नसे, तेव्हा उठून जात असे. रोजचं काम संपलं की तो ते बूट घेऊन बसायचा. पडलेल्या भिंतींच्या चुऱ्यातून चालायचं म्हणून त्यानं तळ दुहेरी लावले. नाड्या नव्या घातल्या. आणि प्रत्येक टाचेला सवयीनं तीन खिळे मारले. त्याची बायको म्हणाली देखील, "अहो, फुकटच्या कामाला एवढे कष्ट?" तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता. "ती पोरं काय इथं परत येणारेत टाच निघाली म्हणून?"

"पाठवायचे होते ना हे?" त्यानं आता अधिकाऱ्याला विचारलं. "चौकात कसे आले?"

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे नीट बघितलं. म्हातारा सोंग करतोय की खरंच खुळा आहे, याचा अंदाज घेत असावा.

"पाठवायचे? अहो, हे मांडायचे होते. मोठ्या कचेरीच्या पायऱ्यांवर, ओळीनं. मेलेल्या एकेका पोराच्या नावाचा एक बूट. हे असंच चाललंय सगळीकडे. कुठं बंदरावर मांडतात, कुठं कॉलेजच्या हिरवळीवर. एका देशात मांडले की दुसऱ्या देशात मांडायचे. तिकडेही उचललं लोकांना, इकडेही उचलणार. परवानगी नव्हती, तीनदा सांगितलं होतं." त्यानं छोटा बूट ढिगावर टाकला. "यातला एकही बूट कुणी घालणार नव्हतं, उस्ताद."

दुहेरी तळ लावलेले ते बूट तीनखिळे बघत राहिला. ज्यांच्यासाठी आपण एवढं टिकाऊ काम केलं, ती मुलं आपण काम सुरू करायच्या आधीच गेलेली होती. आपल्याला फसवलं म्हणून राग यायला हवा होता, तो काही येईना. नुसतं रडू येत होतं, आणि चौकीत कसं रडायचं?

"आता मोठा ढीग बघा," अधिकारी म्हणाला. "तुमचे खिळे असतील ते बाजूला काढा, आणि ते कुणाचे ते सांगा. म्हणजे तुम्ही सुटलात."

तो ताडपत्रीवर उकिडवा बसला. चाळीस वर्षं याच शहराचे पाय त्यानं सांभाळले होते. औषधाच्या दुकानातल्या माणसाची चप्पल त्यानं अंगठ्याच्या झिजेवरून ओळखली. शाळेच्या बाईंचा बूट ओळखला, त्या उजवा पाय घासत चालतात. एक एक हातात घ्यायचा, उलटा करायचा आणि मान हलवायची. "नाही आठवत. जुनं काम दिसतंय. नाही, साहेब." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याचे कान तापले होते.

आणि तेव्हा त्याला तो दिसला. दोन चपलांच्या खाली, आडवा पडलेला, डाव्या पायाचा काळा बूट. तळ दोन बोटं उंच.

लहानपणीच्या तापात ठकीचा डावा पाय आखडला. डॉक्टर म्हणाले, लंगडत चालेल. हा म्हणाला, बघतो कशी लंगडते ते. तेव्हापासून तिच्या डाव्या बुटाला तो उंची देत आला होता. पाय वाढेल तसा तिच्या मापाचा नवा लाकडी फर्मा, नवी उंची, बुचाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, वरून असं चामडं ओढायचं की बघणाऱ्याला संशय येऊ नये. शाळेत कुणी तिला लंगडी म्हटलं नाही, हीच त्याची आयुष्यातली कमाई होती. दुसरी काही त्यानं केली नव्हती आणि तसा आवही आणला नव्हता.

त्यानं वरच्या चपला हळूच सरकवून तो बूट झाकला. पण हवालदार त्याच्या हातांकडेच बघत होता. त्यानं काठीनं चप्पल उडवली.

"साहेब, हा बघा. हा काय प्रकार?"

अधिकाऱ्यानं बूट उचलला. टाच बघितली. तीन खिळे. "हा तर विसरण्यासारखा नाही."

"असे पुष्कळ करतो मी," तीनखिळे म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "अपघातातली माणसं असतात. आजारी असतात. बाहेरगावचंही गिऱ्हाईक येतं."

"असेल. बूट आमच्याकडे राहील. दुसरा केल्याशिवाय हिला घराबाहेर पडता येणार नाही, बाईचाच दिसतोय. आणि दुसरा करायला ती तुमच्याकडेच येणार. आली की कळवायचं. नाही कळवलं, तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही आत." मग त्यानं जरा मवाळ होऊन विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"बायको," तीनखिळे म्हणाला.

तो उठला. पिशवी दारापर्यंत गेल्यावर आठवली, ती घ्यायला परत आला. गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी उंच बूट कुणाचा ते साहेबाला कळलं असतं. आज नाही तर उद्या तो विचारणारच होता.

दुकानामागच्या घराचं दार बायकोनं उघडलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाली. सकाळी "ठकी लवकर गेली" म्हणून तिनंच थाप मारली होती. ठकी आतल्या खोलीत खाटेवर बसली होती, डावा घोटा सुजून तट्ट, तळपायाला फडकं गुंडाळलेलं.

"बघितलात बूट?" तिनं विचारलं.

"बघितला."

"मी पळाले नाही, बाबा. मला पळता येत नाही ना. बसूनच राहिले. एका पोलिसानं पाय धरून ओढलं, बूट त्याच्या हातात राहिला. मग आमच्या बालवाडीतल्या मावशी मध्ये पडल्या. त्यांना धरलं, म्हणून मी सुटले."

मावशी म्हणजे बालवाडीत मुलांची नाकं पुसणारी, साठीची बाई. ती आत होती. गोण्या तिच्याच, बूट तिनंच गोळा केले, असं पोलीस म्हणत होते आणि मावशीही हूं म्हणत होती.

"मी चौकीत जाणार आहे," ठकी म्हणाली. "गोण्या माझ्या होत्या, हे सांगायला. मला बूट करून द्या."

"नाही करणार."

"बाबा..."

"नाही म्हणजे नाही! मी केला नाही तर जाशील कशी?"

बोलला आणि स्वतःच चपापला. जो पाय चालावा म्हणून जन्म घालवला, त्याच पायात आपण बेडी घालतोय, हे त्याला कळत होतं. कळूनही तो म्हणाला, "बस घरात."

"मग लंगडत जाईन," ठकी शांतपणे म्हणाली. "भिंतीला धरून जाईन. पण लंगडत गेले, की त्यांना वाटेल घाबरली. मला सरळ चालत जायचंय."

बायको दाराशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. "अहो, पोरीला समजवा. नोकरी जाईल. किती दिवस आत ठेवतील कोण जाणे."

तो खाटेच्या कडेला टेकला. त्यानं विचारलं, "मला का सांगितलं नाहीस? की ते नुसते मांडायचे आहेत म्हणून?"

ठकीचे डोळे भरले. काल लाठ्या खाताना रडली नव्हती ती. "सांगणार होते. पण तुम्ही विचारलंत, तिकडे खडी असेल ना रस्त्यात, तळ दुहेरी लावू का? मग मला सांगवेना, बाबा. मला वाटलं, कुणीतरी त्यांच्यासाठी खरेच बूट करतंय, तर करू दे."

तीनखिळ्यानं मान खाली घातली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आपलं काही न जळताही हिला कळलं, ही आपलीच पोर, असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी तिला खोलीत कोंडून कुलूप लावावं असंही वाटलं. दोन्ही अगदी मनापासून वाटलं. मग तो उठला आणि भिंतीवरचा तिचा फर्मा काढून घेतला.

दुपारभर तो काम करत होता. बुचाचे थर कापले, घासले, चिकटवले. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. ती हळूच म्हणाली, "निदान खिळे तरी मारू नका. तुम्हांलाही गोवतील." त्यानं मान डोलावली. टाच नुसती चिकटवून शिवली.

ठकीनं बूट हातात घेतला, उलटा केला. टाचेवरून तिनं अंगठा फिरवला, अगदी त्याच्यासारखा.

"हा तुमचा वाटत नाही," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. बायकोनं तोंड फिरवलं, पण खिळ्यांची डबी तिनंच पुढं सरकवली. त्यानं बूट ऐरणीवर चढवला आणि तीन खिळे मारले.

उन्हं उतरायच्या आत ठकी निघाली. "सोबत येऊ?" त्यानं विचारलं. ती नको म्हणाली. सुजलेला पाय बुटात घालताना तिनं ओठ चावला, पण उभी राहिली ती ताठ. तो दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. तिला बघण्यापेक्षा ऐकायचीच त्याला जास्त सवय होती. डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही पावलं सारखी वाजत होती. औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू आली, मग वळणावर गेली आणि ऐकू यायची थांबली.

तो आत आला. बाकड्याखाली हात घालून त्यानं उरलेली गोणी ओढली. तळाशी एक लहानसा लाल बूट राहिला होता, टाच सुटलेला, एकटाच. कुणी घालणार नव्हतं तो. तीनखिळ्यानं चष्मा खाली ओढला, बूट ऐरणीवर चढवला आणि दुहेरी तळासाठी चामडं कापायला घेतलं.