ओ येईपर्यंत

मावशीचं विणकामाचं यंत्र तिच्याहूनही हट्टी होतं, आणि हे काही खायचं काम नव्हे. ते चालवणारा जुना संगणक मेला, तेव्हा भाचीनं आपल्या लॅपटॉपच्या पोटात तसाच एक खोटा संगणक उभा केला. त्यात जुना प्रोग्रॅम राहायला आला. तिच्या धंद्यात अशाला पाहुणा म्हणतात. पण पाहुणा मधूनच मुका व्हायचा आणि यंत्र अर्ध्या ओळीवर ठप्प. आज जमलं नाही तर उद्या यंत्र भंगारात, असं मावशीनं ठरवून टाकलं होतं. ज्या यंत्रावर स्वेटर विणून तिनं पोरकी भाची वाढवली, ते यंत्र!

भाचीनं आधी वायरीला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. मग निमूटपणे स्वतःचा कोड उघडला. ओळ संपली की यंत्र इशारा द्यायचं, 'पुढची पाठव.' खोटा संगणक तो इशारा पाहुण्याच्या कानावर घालायचा, पण एकदाच. पाहुणा नेमका तेव्हा फाइल लिहायला कान बंद करून बसलेला असला, की इशारा गेला वाया. मग यंत्र पाहुण्याची वाट बघतंय आणि पाहुणा यंत्राची. पण यावर करायचं काय, ते तिला सुचेना.

"अगं, जेवायला चल!" मावशीनं हाक मारली. भाची गप्प. पुन्हा हाक. पुन्हा.

"ओ! ऐकू आलंय गं मला!"

"आलंय ते मला कसं कळणार? ओ आल्याशिवाय मी गप्प बसत नसते."

भाचीचे हात की-बोर्डवर तसेच राहिले. आई गेली तेव्हा ती खोलीचं दार लावून बसली होती. बाकीचे एकेक हाक मारून परत गेले. मावशी मात्र दाराबाहेर फतकल मारून बसली आणि आतून ओ येईपर्यंत हाका मारत राहिली.

तिनं कोड बदलला. पाहुण्यानं 'मिळाला' म्हणेपर्यंत आता इशारा पुसायचाच नाही, पुन्हापुन्हा त्याच्या कानावर घालत राहायचा.

यंत्र खडखडलं. ओळीमागून ओळ विणत गेलं, कुठंही अडलं नाही, आणि अख्खी बाही उतरली. मावशीनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"काय केलंस गं एवढं?"

"खोट्या संगणकाला तुझी सवय लावली." भाचीनं बाहीवरून हात फिरवला. "त्या दिवशी तू दाराशी बसून राहिलीस, म्हणून मी बाहेर आले, मावशी. तुझे उपकार फिटायचे नाहीत."

"पुरे. ताट निवतंय, चल."

"ओ," भाची म्हणाली, आणि पहिल्याच हाकेला उठली.