शेवटचा थांबा येईपर्यंत वळायचं नाही

हे कुणालाही पटणार नाही, लावा पैज. तरी लेकीला जसं सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो.

जन्मभर मी बस चालवली. आता घरात एकटा, आणि खालच्या मजल्यावर मेव्हणी. एकदा दूध गॅसवर ठेवून मी फिरायला गेलो, तर लेकीने घर डोक्यावर घेतलं. म्हणाली, तुमचं डोकं गंजत चाललंय, कुलूप लावा आणि माझ्याकडे चला. मी हटून बसलो. शेवटी तोड निघाली ती अशी: मी विणकाम शिकायचं, त्याने म्हणे मेंदू तल्लख राहतो. ती परत येईपर्यंत एक मफलर विणून झाला तर घराची किल्ली माझ्याकडे, नाहीतर तिच्याकडे.

मेव्हणीने लोकर दिली, सुया दिल्या, चार टाके घालून दाखवले आणि म्हणाली, ओळ संपली की वळायचं. आता तुम्हीच सांगा, बसवाला वळतो कुठे? शेवटच्या थांब्यावर. मधेच गाडी फिरवली असती तर साहेबांनी माझी सालटी काढली असती. तेव्हा मी आपला सरळ निघालो. सुई पुरेना, पडद्याची दांडी काढली. टाक्यावर टाका घालता घालता ओळ दाराबाहेर गेली, जिना उतरली, रस्त्याला लागली. मीही विणत विणत तिच्याबरोबर, आपल्या जुन्या मार्गाने.

पहिल्या थांब्यावर सवयीने थांबलो. तिथल्या बाईंनी विचारलं, दवाखान्यावरून जाणार का? म्हटलं, जाणार, आत सरका. त्या लोकर धरून मागे चालू लागल्या. मग काय, पुढच्या थांब्यावर ही रांग! एक गृहस्थ खिडकीजवळच्या जागेसाठी अडून बसले, त्यांना कडेचे टाके दिले. तेवढ्यात त्याच मार्गावरची खरी बस शेजारून गेली, आत चिटपाखरू नाही. तिच्या ड्रायव्हरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या पोटावर पाय दिलाय.

शेवटच्या थांब्यावर माणसं उतरली. आता वळणार, तर त्या पठ्ठ्याने वळायच्या जागेतच गाडी आडवी घातलेली. हात जोडले, ढिम्म हलेना. रिव्हर्सशिवाय इलाज नव्हता, आणि विणकामात रिव्हर्स घ्यायचा म्हणजे उसवायचं. मी उलट्या पावली घराकडे निघालो आणि लोकर सरसर सुटत आली. जिन्याशी कसाबसा ब्रेक लागला, म्हणून हा गळ्यापुरता मफलर तरी वाचला, असं म्हणून मी तो लेकीच्या हातात ठेवला.

मेव्हणी तिथेच बसली होती. ती छताकडे बघू लागली.

लेकीने मफलर उलटासुलटा केला, काठाची गाठ बोटांनी चाचपली. मग टेबलावरची किल्ली उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.

“बाबा, ही गाठ मावशीची आहे. माझ्या शाळेच्या स्वेटरला हीच असायची. पण एवढी लांबलचक थाप मारलीत आणि एकही थांबा चुकला नाहीत. गॅस तेवढा बंद करत जा.”