लिंबाच्या खोडावरचं सुकाणू

मित्रांनो, तिसगावच्या अलीकडे एका वस्तीवर कडुलिंबाच्या खोडाला बोल्टाने बसवलेलं जे जुनं स्टिअरिंग दिसतं, ते मी. माझा ट्रॅक्टर केव्हाच भंगारात गेला. तो चालवणाऱ्या रखमाजीआप्पांनी मला तेवढं काढून ठेवलं. त्यांच्या तळव्यांनी माझ्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

मला खोडावर बसवलं ते त्यांच्या मुलासाठी, कल्याणसाठी. त्याला बोटीवर सुकाणू धरायचं होतं, पण पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "पोर्ट टेन." म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. कल्याणने चाक बरोबर फिरवलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. बोटीवर हुकूम मिळाला, की तो आधी मोठ्याने परत म्हणायचा आणि मग चाक फिरवायचं. नाहीतर समोरच्याने नीट ऐकलं की नाही, हे साहेबाला कळणार कसं?

"मग बोलला का न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

"तुमीच शिकवलं ना, मोठ्या मान्सानं सांगितलं की उलटून बोलायचं न्हाई," कल्याण खाली बघत म्हणाला.

आप्पांनी त्याच्याकडून सगळे हुकूम पाठ करून घेतले. दुसऱ्या दिवशी मला खोडावर बसवून शेजारी बाज टाकून बसले. घसा बरेच दिवस बसलेला होता, तरी ओरडले, "स्टारबोर्ड फाईव्ह!"

कल्याणने मला मुकाट उजवीकडे फिरवलं.

"अरं, मिठाची गुळणी धरली का तोंडात? बोल की!"

"स्टारबोर्ड फाईव्ह," तो पुटपुटला.

चुलीपाशी कल्याणची आई, विमलबाई हसल्या. "जन्मभर पोराला गप बसवलं, आन् आता बोल म्हन्ता व्हय?"

हळूहळू कल्याणचा आवाज मोकळा झाला. 'मिडशिप' म्हटलं, की तो तेच गर्जून मला मधोमध आणी. त्याचा आवाज चढत गेला आणि आप्पांचा मात्र खोल खोल जात राहिला.

नगरच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. "परीक्षा हुईस्तोवर त्याला कळू द्यायचं न्हाई," आप्पांनी विमलबाईंना बजावलं. कल्याण मुंबईला गेला, आणि इकडे ऑपरेशन झालं.

गळ्याला पट्टी बांधून आप्पा माझ्याशेजारी बाजेवर पडले होते, तेव्हा फोन आला. विमलबाईंनी तो त्यांच्या कानाशी धरला.

"आप्पा, पास झालो! एकूनएक हुकूम मोठ्यानं म्हनलो! आप्पा? ऐकू येतंय ना? बोला की, आप्पा!"

आप्पांचे ओठ नुसते हलले. दोन्ही हातांनी त्यांनी फोन कानाशी दाबून धरला. तिकडून हाका येतच होत्या. शेवटी विमलबाईंनी तो हलकेच सोडवून घेतला.

"ऐकलं रं त्यांनी, समदं ऐकलं. पर आता त्यांना बोलता येनार न्हाई, लेकरा."



मित्रांनो, आता मला कोणी फिरवत नाही, गंज चढला तरी चालेल. पण घरातलं कोणी तुम्हाला काही सांगत असेल, तर नुसती मान हलवून जाऊ नका. त्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्या. त्यांना बोलता येतंय तोवर, त्यांच्याशी बोलून घ्या.