मॅटखालची तनीस

"बाबा, आपली गाडी इंजिनावर चालते का चुलीवर?"

हा प्रश्न माझा नाही. दामिनी आणि शुभांगीने मागच्या सीटवर मला कोपराने ढोसून ढोसून विचारायला लावला. "तुह्या बाबाले इचारून दाखव, मंग मानू तुले," दामिनी म्हणाली होती. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कोणाला भीत नाही असं सगळ्यांना सांगत फिरत होते, मग माघार कशी घेणार? विचारलं. खणखणीत आवाजात.

आसगावच्या आम्ही सगळ्या मुली बाबांच्या जुन्या व्हॅनने पवनीला शाळेत जातो. गाडीभर हशा झाला. बाबाही हसले. "चुलीवरच चालते वं. तुह्या भाजीचा गंज बी तिच्यावरच ठेवतो."

पण जळका वास खरंच यायचा. थंडी सुरू झाल्यापासून रोज.

संध्याकाळी मी खोदून विचारलं, तर बाबांनी गाडी चालू केली आणि मला मागे नेलं. "हे पाय. काळा धूर निंगाला का पेट्रोल जास्त जळून राहिलं. पांढरा निंगाला अन थांबतच नाई, त इंजिनात पानी. आपला निळा. म्हंजे थोडंसं ऑईल जळते. म्हातारी गाडी हाये, खोकनारच."

"अन वास?"

"त्या ऑईलचाच. काचा लावून बसत जा, मंग मागचा धूर अंदर येत नाई."

म्हणून आम्ही काचा लावून बसायचो. पायाखाली मस्त ऊबही असायची. ती आईची करामत. मधल्या सीटजवळचा पत्रा तापून पायाला चटके बसत, म्हणून तिने रबरी मॅटखाली धानाची तनीस, म्हणजे मळणीनंतरचा वाळका पेंढा, जाड पसरून दिला होता. आमच्याकडे तनीस कशालाही चालते. आंब्याची आढी घालायची, तनीस. थंडीत अंथरुणाखाली, तनीस. मग गाडीत का नको? रंजूची गाडी म्हणजे गादी, असं मुली म्हणायच्या आणि मी अभिमानाने फुगायचे.

पाचवीतली रीना सगळ्यांत लहान. ती त्या गादीवर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि गाव सुटायच्या आत झोपायची. आम्ही तिला चिडवायचो. उतरताना माझंही डोकं जड असायचं, पण पहिलाच तास गणिताचा, त्यात नवल ते काय!

मंगळवारी शाळेच्या फाटकाशी रीना उठलीच नाही. दामिनीने गुदगुल्या केल्या. मग हाका मारल्या. मग गालावर थापट्या मारल्या, आणि आमचं हसणं बंद झालं. बाबांनी तिला उचलून बाहेर आणलं. गार हवा लागल्यावर तिने डोळे उघडले, ओकली आणि डोकं धरून रडायला लागली. मॅडम तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

"उपाशी आली असंन," बाबा म्हणाले.

ती उपाशी नव्हती. सकाळी खाऊन उरलेली अर्धी पोळी तिने गाडीत माझ्याच हातात कोंबली होती.

संध्याकाळी मी रीनाकडे गेले. ती पडून होती, पण बोलत होती. तिची आई, चंदाकाकू, म्हणाली, "डॉक्टर इचारे, पोरगी शेगडी पेटवून बंद खोलीत झोपली होती का म्हनून. आमच्या घरी कुठची शेगडी वं, रंजू?"

मी घरी पळतच आले. अंगणात गाडी उभी होती. मधलं दार सरकवलं, मॅट उचलली. वरची तनीस पिवळी. मधली तपकिरी. तळाची काळी, बोटात धरली तर भुगा. तिच्याखाली गंजून पडलेलं तळहाताएवढं भोक.

"बाबा, गाडी चालू करा!"

त्यांनी केली. भोकातून फट्‌फट् आवाज आला आणि गरम वाफारा थेट माझ्या तोंडावर. धूर म्हणावा तर काहीच दिसत नव्हतं. बाबांनी ओलं पोतं मागच्या नळीवर दाबून धरलं. मागचा आवाज दबला, भोकातला दुप्पट झाला. सायलेन्सरचा जोड बरोबर त्या भोकाखाली फुटला होता. म्हणजे बंद खोलीतल्या शेगडीचा असतो तसाच, न दिसणारा विषारी धूर बंद काचांच्या आत आम्ही रोज नाकात घेत होतो.

बाबांनी गाडी बंद केली. आवाज ऐकून आई बाहेर आली होती, ती त्या भोकाकडेच बघत होती.

"मीच त टाकली तनीस," आई म्हणाली. "भोक झाकल्या गेलं माह्या हातानं."

"तू कायले रडतं? काचा म्या लावाले सांगितल्या." बाबा माझ्याकडे न बघता बोलले. "उद्या काचा उघड्या ठेवून नेतो पोरीले. परवा पवनीत वेल्डिंग करून घेतो. चंदाले आत्ताच काही सांगू नोको, बेटा. एकदा गावात नाव गेलं त कोन बसवन आपल्या गाडीत पोरी?"

बाबांनी मला 'बेटा' म्हटलं की मी विरघळते, हे त्यांना माहीत आहे. ते खोटारडे नाहीत. घाबरले होते, एवढंच. मीही घाबरले होते. उद्या दामिनी माझ्याशी बोलेल की नाही, तेही मला माहीत नव्हतं. पण रीनाची ती लोंबणारी मान डोळ्यांपुढून जाईना.

मी काळी तनीस ओढणीच्या टोकात बांधली.

"आई, बाबा, मी आत्ता चंदाकाकूले सांगाले जाऊन राहिली. मंग सगळ्या पोरींच्या घरी. जोड अन पत्रा दोनी दुरुस्त होत नाई तवर या गाडीत कोनी बसनार नाई. मी बी नाई."