यादीत नाव नाही

बुधवार हा पाळणाघरात खेळणी दुरुस्तीचा दिवस. चाकं निखळलेल्या गाड्या, डोळा गेलेलं अस्वल, मान मोडलेली बाहुली, असा सगळा जखमींचा मेळा आठवडाभर टोपलीत साठायचा आणि बुधवारी दुपारी ताईचे मोठे दीर हत्यारांची पेटी घेऊन हजर व्हायचे. "काका आले, काका आले" करत पोरं त्यांना गराडा घालायची. पाळणाघर चालवणाऱ्या ताईला (गल्लीत लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत) या दिराचं कोण कौतुक! निवृत्त माणूस, एकटा जीव, आणि दुसऱ्यांच्या पोरांसाठी राबतो. असा दीर मिळायला भाग्य लागतं, असं ती चारचौघांत सांगायची.

त्यांच्या खिशाला एक हिरवं कार्ड लावलेलं असे. त्या कार्डाची हकीकत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

तीन वर्षांपूर्वी कायदा झाला. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची यादी पोलिसांनी ठेवायची. पण ती लोकांना दाखवायची की नाही, यावर रान पेटलं. दाखवा म्हणणाऱ्यांत ताई सगळ्यात पुढे. दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, सभा बोलावली. सभेत वकीलबाई उठल्या. पिकलेले केस, शांत आवाज.

"यादी नको असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण यादीत येतो कोण? ज्याच्याविरुद्ध कुणी तोंड उघडलं, तक्रार टिकली आणि शिक्षा झाली, तोच. बाकीच्यांचं काय? माझ्याकडे आलेल्या खटल्यांत बहुतेक वेळा माणूस ओळखीचा होता, घरातला होता. तुम्ही भिंतीवर यादी लावाल आणि निर्धास्त व्हाल, याची मला धास्ती वाटते."

"तुम्हाला बोलायला काय जातंय?" ताई फाडकन म्हणाली. "घरात पोर असतं म्हणजे कळलं असतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वकीलबाई खाली बसल्या. अहो, टाळ्या कुणाला कडू लागतात? ताईलाही गोडच लागल्या.

यादी लागली. मागच्या गल्लीतला एक भाडेकरू तिच्यात निघाला, आठवड्याच्या आत खोली सोडून गेला. कुठे गेला, तिथल्या पोरांच्या आयांना ठाऊक आहे का, हे कुणी विचारलं नाही. ब्याद टळली, झालं! त्यावर ताई आणखी एक पायरी वर चढली. पाळणाघरात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं नाव यादीशी ताडायचं आणि नसलं की हिरव्या कार्डावर आपल्या वळणदार अक्षरात लिहायचं, 'यादीत नाव नाही.' खाली सही. दूधवाला, रंगारी, गाडीवाला, सगळ्यांना कार्ड. आया खूश. दिरांच्या खिशाला पहिलं कार्ड ताईने स्वतः लावलं.

"भावोजी, घरच्यांनाही नियम सारखाच हं!"

दीर हसले, पोरं हसली. शेजारी उभा असलेला तिचा नवरा हसला नाही. ताईला ते दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही.

तर त्या बुधवारी ताई आतल्या खोलीत दुलयांच्या घड्या घालत होती. तिची नऊ वर्षांची लेक, ठकी, शाळेतून आली की पाळणाघरातच असायची. एरवी तिचा पाय जमिनीला लागत नसे. पण गेले काही बुधवार तिचं पोट दुखत होतं आणि ती आईच्या मागेमागे करत होती. ताईने ओवापाणी देऊन पाहिलं, रागावूनही पाहिलं.

बाहेरून काकांची हाक आली, "ठकी, डिंकाची बाटली आण गं मागच्या खोलीत!"

ठकी हलली नाही. खाली बघत म्हणाली, "आई, कार्ड असलेल्या माणसाला नाही म्हणता येतं का?"

"कशाला नाही म्हणायचंय तुला?"

"काका म्हणतात, कार्ड तुझ्या आईनेच दिलंय. म्हणजे आईला चालतं."

ताईने हातातली दुलई बाजूला टाकली. ती तिथेच जमिनीवर बसली आणि पोरीला जवळ घेतलं. ठकीने थांबत थांबत सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंय.

"तुझं काही चुकलं नाही, बाळा," ताई म्हणाली. "नाही म्हणायचं. कार्ड असलं तरी नाही, माझी सही असली तरी नाही." आवाज तिचाच होता, पण तिला तो लांबून ऐकू आला.

बाहेर जाऊन तिने दिरांच्या खिशावरचं कार्ड ओरबाडून काढलं.

"अगं, काहीतरी गैरसमज होतोय तुझा," ते पेटी बंद करत म्हणाले. "पोरं काय, काहीही बोलतात."

"चालते व्हा."

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो ऐकून पेटून उठेल, भावाच्या नरडीला हात घालेल, त्याला आवरावं लागेल, अशा तयारीने ताई बसली होती. एका दमात तिने सगळं सांगितलं. नवरा बुटाची नाडी सोडत होता, तो सोडतच राहिला. "काय?" म्हणाला नाही, "दादा?" म्हणाला नाही. मग म्हणाला, "आणखी कुणाला सांगितलंस?"

ताई उठून उभी राहिली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मग ते बाहेर आलं. तिची नणंद वर्षानुवर्षं माहेरी आली नव्हती. भांडखोर आहे, कुणाशी पटत नाही, असं ताईला लग्नापासून सांगितलं होतं. नणंद बारा वर्षांची असताना तिने मोठ्या भावाबद्दल तक्रार केली होती. शाळेतल्या बाईंसोबत पोलिसांत गेली होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला परत तिथे नेलं आणि तिच्याकडून 'गैरसमज झाला होता' असं लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून खाली धाकट्या भावाची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, सही होती. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

"मी नाव ताडून बघत होते तेव्हा तू शेजारी उभा होतास!"

"यादीत त्याचं नाव नव्हतंच ना," तो पुटपुटला. "मला वाटलं, सुधारला असेल."

"नाव असेल कसं? तुम्हीच पुसलंत!"

परक्याने दगा दिला तर माणूस शिव्या तरी घालतो. घरच्यांनी केसाने गळा कापला की शिवीसुद्धा सुचत नाही. ताई ठकीच्या शेजारी जाऊन बसून राहिली.

नवऱ्याने कळवलं असणार, सकाळी सासूबाई आल्या. "हे बघ, मी त्याला पुन्हा या दारात पाऊल ठेवू देणार नाही, शपथ घेते. पण पोलीस नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीच्या पुढच्या आयुष्याचा विचार कर."

"तोच करतेय," ताई म्हणाली. "तुम्ही मूठ झाकलीत, म्हणून माझ्या पोरीवर वेळ आली. आता उघडी राहू दे."

तिने नणंदेला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

"किती वर्षांची आहे?"

"नऊ, वन्सं."

"येते मी."

दुसरा फोन वकीलबाईंना. "त्या दिवशी सभेत मी तुम्हाला..." सगळं सांगून झाल्यावर ताई म्हणाली.

"ते राहू दे गं," वकीलबाई म्हणाल्या. "पोरीच्या पोटात काही गेलंय का? आधी तिला खायला घाल. मग निघू."

निघण्यापूर्वी ताई पाळणाघराच्या फाटकात उभी राहिली. पोरांना सोडायला आलेल्या आयांना तिने कोण आणि काय ते सांगितलं, आपापल्या पोरांशी बोला म्हणाली. तिने पोरीचं नाव घेतलं नाही, दिराचं मात्र घेतलं. एक आई किंचाळली, "तुमच्या सहीवर विश्वास ठेवला आम्ही!" ताईने ते मान खाली न घालता ऐकून घेतलं. कारण घरच्यांनी तिला फसवलं होतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की त्या आईला तिने फसवलं होतं.

पोलिसांत महिला अधिकाऱ्याने ठकीचं म्हणणं हळुवारपणे ऐकून घेतलं. मग वकीलबाई तिला बाहेरच्या बाकावर घेऊन बसल्या. अधिकारी ताईकडे वळली. "आरोपीचं नाव यादीत आहे का?"

"नाही."

"आणखी काही नोंदवायचंय?"

ताईने चुरगळलेलं हिरवं कार्ड टेबलावर सरळ करून ठेवलं. "हे लिहा. हे त्याला मी दिलं होतं. अक्षर माझं, सही माझी. हे दाखवून तो माझ्या लेकीला गप्प बसवत होता."

अधिकारी लिहीत राहिली. लिहून झालं तेव्हा दारात उभी असलेली नणंद पुढे आली आणि रिकामी खुर्ची ओढून बसली.

"आता माझं लिहून घ्या," ती म्हणाली. "तुमच्या जुन्या कागदांत सापडेल. बारा वर्षांची होते. मला काही गैरसमज झाला नव्हता."